राजकन्येची छत्री

तिने चार वर्षं खपून तयार केलेल्या पावडरीला वजनकाका राजकन्या म्हणत, आणि ते तिला मनातून आवडत असे. वरवर मात्र ती म्हणायची, "काका, शास्त्रात लाडाची नावं चालत नाहीत." काका चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "मग तिचं ते आगगाडीएवढं नाव तुम्ही घ्या, ताई. मला तेवढ्या वेळात दोन वजनं होतात."

वजनकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण प्रयोगशाळेतला तो नाजूक काटा गेली बावीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होता, आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्या खोलीत धुळीचा कणसुद्धा वजन करून घेत नसे. काटा कोपऱ्यातल्या दगडी ओट्यावर होता. जवळ कुणी जोरात श्वास सोडला तरी आकडा हलायचा. म्हणून काकांनी शिस्तच लावली होती. त्यांनी "श्वास धरा" म्हटलं की खोलीतल्या सगळ्यांनी, मग त्या विभागप्रमुख मॅडम का असेनात, तोंड मिटून उभं राहायचं. पाहुण्यांची यात फार पंचाईत व्हायची. एकदा तपासणीला आलेले एक गृहस्थ श्वास धरून लालबुंद झाले, तरी काका शांतपणे शेवटचा आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसले होते.

काम ऐकायला सोपं होतं. बॉयलरच्या धुरात शंभरात बारा-चौदा भाग कार्बन डायऑक्साइड असतो. तो वर हवेत जाऊ न देता वाटेतच पकडायचा, तर त्याला बसायला जागा हवी. काही पावडरींच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. ती इतकी, की चमचाभर पावडरीच्या आतली सगळी जागा उलगडून पसरली तर अर्धं फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल. धूर त्यातून गेला की हा वायू छिद्रांत अडकतो आणि बाकीचा धूर पुढे निघून जातो. मग पावडर तापवायची, अडकलेला वायू काढून घ्यायचा, आणि रिकामी पावडर पुन्हा कामाला लावायची. कोण किती धरतं, किती सहज सोडतं आणि किती दिवस दमत नाही, एवढंच बघायचं होतं.

स्पर्धेत तिघं होते. पहिली राजकन्या, धातूच्या अणूंना सेंद्रिय धाग्यांनी बांधून केलेली जाळी, पिवळसर, मऊ, आणि अतिशय नखरेल. दुसरा मास्तर. हा जिओलाइट नावाच्या खनिजाचा भुगा. जुना, कडक, शिस्तीचा, आणि एकदा धरलं की तीनशे अंशांपर्यंत तापवल्याशिवाय सोडायला तयार नाही. तिसरा काळू, म्हणजे लाकडाच्या भुशापासून वाफेच्या भट्टीत बनवलेला साधा छिद्रमय कोळसा. काळूला खरं तर कुणी बोलावलंच नव्हतं. तुलनेला कुणीतरी बेताचं हवं म्हणून त्याला आणलं होतं. फोटोत आपण उठून दिसावं म्हणून काही माणसं शेजारी कुणाला उभं करायचं ते नीट ठरवून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि राजकन्या उठून दिसतच होती. पोलादी नळकांड्यात पावडर भरायची, एका टोकाने वायू सोडायचा, आणि दुसऱ्या टोकाला कार्बन डायऑक्साइड निसटायला किती वेळ लागतो ते मोजायचं, अशी चाचणी होती. काळू नऊ मिनिटांत हात टेकायचा. मास्तर सतरा मिनिटं तग धरायचा. राजकन्या बावीस मिनिटं गेली तरी कणभर वायू निसटू देत नसे.

हे आकडे तिने बाबांना सांगितले होते, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. बाबा कागद कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, आणि या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांच्याच कारखान्याने चिमणीजवळ एक मोठं पिंप बसवून धूर पकडून बघायचं ठरवलं होतं. पिंपात कोणती पावडर भरायची ते ठरवायला शुक्रवारी बैठक होती, आणि तिच्याच प्रयोगशाळेने तुलनेचा तक्ता द्यायचा होता. बाबा कुठले बैठकीची वाट बघायला. बॉयलरवरच्या झाडून सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं की पिंपात येणारी पावडर आपल्या लेकीची आहे, आणि त्या पिंपात धूर सोडणारी झडप आपण शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने उघडणार आहोत. कारखान्यातल्या रंगाऱ्याने तर रिकाम्या पिंपावर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरांत लिहूनही टाकलं होतं, 'लेकीचं पिंप'.

"बाबा, अजून ठरलेलं नाही," ती फोनवर म्हणाली होती.

"ठरेल की. बावीस म्हणजे सतरापेक्षा जास्त. एवढं गणित मला येतं, डॉक्टरीणबाई." औषध न देणारी डॉक्टर म्हणून ते तिला नेहमी असंच चिडवायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. वायू नळकांड्यात शिरण्याआधी वाटेत काचेची एक जाड नळी होती, निळ्या मण्यांनी भरलेली. ते मणी ओलावा पिऊन घेत आणि पिता पिता गुलाबी होत. पहिल्या वर्षी राजकन्येला ओल अजिबात सोसत नाही असं दिसलं, तेव्हा ही नळी तिनेच बसवली होती. आधी कोरड्या वायूवर बघू, ओल्याचं मागाहून, असं तिने तेव्हा म्हटलं होतं. ते मागाहून तीन वर्षं झाली तरी उजाडलं नाही. दर सोमवारी वजनकाका नळीतले मणी बदलत आणि म्हणत, "चला, राजकन्येची छत्री बदलायची वेळ झाली." ती दर सोमवारी हसायची. हसण्याची हीच सोय असते, पुढे विचार करावा लागत नाही.

बैठकीच्या आधी प्रत्यक्ष धुरावर एक तरी चाचणी करा, अशी कारखान्याची अट होती. म्हणून त्या सोमवारी बाबा आपल्या सुट्टीच्या दिवशी धूर घेऊन आले. चंदेरी कागदाच्या, उशीएवढ्या दोन फुगलेल्या पिशव्या त्यांनी बाजाराच्या टोपलीत घालून वर टॉवेल पांघरून आणल्या होत्या. प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. ती म्हणाली, "बाबा, असू द्या." ते म्हणाले, "तुझ्या बॉयलरचे नियम मला काय माहीत."

तिने एक पिशवी उचलली आणि ती आत खळकन वाजली.

"बाबा, पिशवीत पाणी गेलंय. भरण्याआधी धुतली होतीत का?"

"मी कशाला धुऊ? धुराचंच ते. गरम असतो तेव्हा दिसत नाही, गार झाला की तळाशी बसतं."

चमचाभर पाणी होतं. तिने पिशवी पुन्हा एकदा हलवून बघितली. दोन वर्षांपूर्वी घरी चहा पिताना बाबांनी तिला विचारलं होतं, "आमच्या धुराला घाम फार येतो. ते धरलंयस ना हिशेबात?" आणि तिने पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं होतं, "ते यंत्रं बघतात, बाबा." हे तिला आत्ताच का आठवावं, असं तिला वाटलं, आणि का ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

सवयीने तिने पिशवीची नळी आपल्या जागी जोडली. धूर निळ्या मण्यांतून निघाला. मणी एका टोकाकडून भराभर गुलाबी होत गेले. एरवी ज्याला आठवडा लागायचा ते काही मिनिटांत व्हायला लागलं. बाबा वाकून कौतुकाने बघत होते.

"ही ओल काढायची ना? आमच्या काँप्रेसरला असते तशीच."

"हो."

"छान आहे." मग शिडी कुठे ठेवू असं विचारावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाळ, ही आमच्या चिमणीवर कोण बसवणार?"

"श्वास धरा" असं कुणीच म्हटलं नव्हतं, तरी खोलीत क्षणभर कुणी श्वास घेतला नाही.

तिने कागद ओढला आणि आकडेमोड केली. धूर आधी गार करून थोडं पाणी काढता आलं असतं, पण सगळं नाही. चिमणीचा सगळा धूर मण्यांनी कोरडा करायचा तर तासाला दोन-अडीच टन मणी लागणार होते. शिवाय ओले झालेले मणी वाळवायला पुन्हा आच हवी.

"म्हणजे छत्री वाळवायला आणखी एक बॉयलर," वजनकाका म्हणाले.

"त्यावर माणूसही ठेवावा लागेल," बाबा म्हणाले. "मी महिनाअखेरपासून रिकामाच आहे."

दोघं म्हातारे हसले. तिला हसू आलं नाही. ते बाबांच्या लक्षात आलं, आणि ते टोपली उचलून उगाच टॉवेलची घडी घालत बसले. जाताना म्हणाले, "तू बघ सावकाश. घाई नाही." घाई होती, ते दोघांनाही माहीत होतं.

ते गेल्यावर तिने नळी काढली. पहिल्या वर्षी बसवलेला स्क्रू गंजला होता, तो काकांनी पकडीने फिरवला.

"काका, तुम्हाला कळत होतं तर तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"दर सोमवारी बोलत होतो की, ताई. तुम्ही हसत होतात."

तिला लाज वाटली, आणि काकांचा रागही आला. त्यातला राग दुपारपर्यंत उतरला, लाज उतरली नाही.

मंगळवार आणि बुधवार तिने तिघांनाही ओल्या धुरात उभं केलं. पिशव्या संपल्यावर सिलिंडरमधल्या वायूत तेवढीच वाफ मिसळली. पहिल्या फेरीत राजकन्या चौदा मिनिटं टिकली. तिने स्वतःला समजावलं, चौदाही काही वाईट नाही. दुसऱ्या फेरीत सहा. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या मिनिटालाच वायू पलीकडे निघाला, आणि नळकांडं उघडलं तर पावडरीचा ओला गोळा झाला होता. जाळी आतून कोसळली होती. मास्तराने वायूऐवजी पाणीच गच्च धरून ठेवलं, आणि ते सोडायला त्याला इतकं तापवावं लागलं की काका म्हणाले, "याला शाळेतूनच निवृत्त करा."

काळू कोरड्यात नऊ मिनिटं टिकायचा. ओल्यात आठ. दुसऱ्या फेरीला आठ. चौथ्या फेरीला आठ. बाराव्या फेरीला तिने घड्याळ हलवून बघितलं. पुन्हा आठच. जन्मच वाफेत गेलेला तो, त्याला ओलीचं काय कौतुक. आणि धरलेलं सोडतानाही त्याला नुसतं कोमट केलं की पुरे. तिला त्याचा इतका संताप आला की तिने तेराव्यांदा चाचणी केली.

या तीन दिवसांत बाबांचा एकही फोन आला नाही. एरवी ते रोज संध्याकाळी, आज काय पकडलंस, म्हणून विचारायचे. तिने आईला फोन केला तर आई म्हणाली, "कोण जाणे, हल्ली गप्पगप्प असतात. शेजारच्यांनी पावडरीचं विचारलं तर विषयच बदलला."

गुरुवारी दुपारी तिच्या टेबलावर दोन कागद होते. एकावर जुना तक्ता, बावीस, सतरा, नऊ. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'मोजमापं कोरड्या वायूवर' एवढं लिहिलं की तो खोटा ठरत नव्हता. मोठ्या माणसांच्या बैठकीत तळाची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही, हे काही तिला शिकवावं लागणार नव्हतं. पिंप भरलं असतं, बाबांनी झडप उघडली असती, टाळ्या पडल्या असत्या. राजकन्या तीन फेऱ्यांत कोसळली असती ती बाबा घरी बसल्यानंतर. कुणालाही वाईट दिसलं नसतं, त्या दिवशी तरी. दुसऱ्या कागदावर नवा तक्ता होता.

काका आले, त्यांनी दोन्ही कागद उचलले आणि काट्याच्या ओट्याकडे घेऊन गेले. "श्वास धरा," ते म्हणाले. तिला इतकं आश्चर्य वाटलं की तिने खरंच धरला. काकांनी एकेका कागदाचा नखाएवढा कोपरा फाडून काट्यावर ठेवला, आकडे बघितले आणि कागद परत आणून दिले.

"सारखेच भरले. काट्याला काही फरक कळत नाही, ताई."

मग ते हात धुवायला निघून गेले. ती बराच वेळ त्या कोपरा फाटलेल्या कागदांकडे बघत बसली.

शुक्रवारची बैठक कारखान्यात, बॉयलरच्या मागच्या खोलीत झाली. भिंती थरथरत होत्या. काका असते तर त्यांनी इथे काटा ठेवूच दिला नसता. मुख्य इंजिनिअर, त्यांचे दोन सहकारी, विभागप्रमुख मॅडम, आणि दाराजवळच्या खुर्चीत बाबा, जागा दाखवायला बोलावलेले. खिडकीतून चिमणी दिसत होती, आणि तिच्या पायाशी ते पिंप, पांढऱ्या अक्षरांसकट. तिने ठरवून त्या बाजूला पाठ केली.

तिने कोपरा फाटलेला नवा तक्ता पुढे केला आणि सगळं सांगितलं. नळी कुणी बसवली, का बसवली, आणि तीन वर्षं कशी तशीच राहिली, तेही.

मुख्य इंजिनिअरांनी तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे तुम्ही स्वतः केलेली पावडर नको म्हणताय?"

"तुमच्या चिमणीवर नको. तिथे कोळसा भरा."

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"सोमवारी," ती म्हणाली. "माझ्या आलं नाही. बाबांच्या आलं." आणि तिने पहिल्यांदा दाराकडे बघितलं. बाबा आपल्या टोपीची कड बोटांनी चाचपत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचं कौतुक झालं की ते असेच व्हायचे, आणि अपमान झाला तरी असेच. यातलं कुठलं, ते तिला कळेना.

बैठक संपल्यावर ती त्यांच्या मागोमाग पिंपापर्यंत गेली.

"बाबा, ही अक्षरं पुसून टाकायला सांगा."

"ती नाही निघायची. तेलाचा रंग आहे." त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "पाणी लागलं तरी ढिम्म हलत नाही. तुझ्या राजकन्येपेक्षा टिकाऊ."

"तुम्ही फोन का नाही केलात?"

बाबांनी अक्षरांवरचा अंगठा काढून घेतला. मग म्हणाले, "मला वाटलं, मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. तुझी चार वर्षं, आणि मी एका प्रश्नात... तिथे मी कोण? चपला काढून उभा राहिलेला माणूस." तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. बाबांनी टॉवेल पुढे केला. त्याला काजळीचा वास होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पिंपात काळू भरला गेला, काठोकाठ. बॉयलरवरची सगळी माणसं जमली होती. वजनकाकाही आले होते, नव्या शर्टात, आणि पिंपाकडे असे बघत होते की जणू त्याचंही वजन करून मिळणार आहे. बाबांनी झडपेचं चाक धरलं, मग तिला खुणेने बोलावलं आणि तिचे हात आपल्या हातांशेजारी ठेवायला लावले. चाक जड होतं. धूर पिंपात शिरला, पलीकडच्या यंत्रावरचा आकडा हळूहळू खाली आला आणि खालीच राहिला. पिंपाच्या तळाच्या तोटीतून पाण्याचे थेंब पडू लागले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"काय, पावडर लेकीची ना?" रंगाऱ्याने बाबांना मुद्दाम विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "लेकीने पारखलेली."

गर्दी पांगल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं. "ती राजकन्या सगळीच गेली का?"

तिच्या पिशवीत एक छोटी बाटली होती, बुचाला मेण लावलेली, पिवळसर पावडरीने अर्धी भरलेली. कुणाला दाखवायला म्हणून नव्हे, अशीच आणली होती. "एवढी उरलीय. कोरड्या जागी कुठेतरी तिचा उपयोग होईल. तोवर हिला जपायला लागेल. ओल लागू द्यायची नाही, मधूनमधून ऊब द्यायची. फार कटकट आहे."

बाबांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली, आपल्या गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"राहू दे माझ्याकडे," ते म्हणाले. "उद्यापासून मला तापवायला काही नाही."